मालकाने स्वतः यायचं

मुलुंडचे दिवे दिसायला लागले तसे चंद्रप्रकाशशेठ मागच्या सीटवरून म्हणाले की हे खटारं याहून जोरात पळत नाही का.

पायलट नवा होता. आकाश हे नाव त्याने चढतानाच सांगितलं होतं, पण शेठनी ते ऐकून घेतलं नव्हतं. आजची नाशिक-मुंबई फेरी या पोराने मुद्दाम मागून घेतली, असं विमान भाड्याने देणारा म्हणाला होता. ओळख काढायची असेल, शेठना वाटलं. अशी माणसं त्यांना रोज भेटत.

नऊच्या आत दिंडोशीत पोचायचं होतं. तिथल्या एका जुन्या सोसायटीची सभा होती, आणि ती इमारत पाडून टॉवर बांधायचं काम शेठना हवं होतं. आधीच्या सभांना त्यांनी मॅनेजर पाठवला होता. त्यावर त्या चिल्लर लोकांनी चक्क ठराव केला. मालकाने स्वतः यायचं, उभं राहून उत्तरं द्यायची. आला नाही तर त्याचा प्रस्ताव बाद, आणि आपली इमारत आपणच बांधायची.

"आपणच म्हणे," शेठ हसले. "घरातला नळ गळला तर खाली बादली लावून बसणारी माणसं ही."

"अवघड आहे, साहेब," पायलट म्हणाला.

शेठना श्रोता मिळाला. मग त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीचं पुराण लावलं. दर सभेत ती घाटकोपरचं काढायची. तिथली चाळ शेठनी पाडली होती, लोकांना भाड्याच्या खोल्यांत पाठवलं होतं, आणि खड्डा अजून खड्डाच होता. भाडं द्यायचंही त्यांनी मधेच थांबवलं. म्हातारीची बहीण तिथली, वाट बघता बघता परक्या खोलीत गेली. आता माणसं मरतातच, त्यात आपला काय दोष, असं शेठचं म्हणणं. म्हातारीला नवरा नाही, मुलगा रात्री-बेरात्री घरी येतो, काय धंदे करतो कोण जाणे. पण तोंड केवढं.

"एकदा समोर उभा राहिलो की संपलं," शेठ म्हणाले. "कमिटीतले तिघे खिशात आहेत. बाकीची मेंढरं."

पायलटने वाकून डाव्या गुडघ्यापाशी काहीतरी चाचपलं. पाण्याची बाटली असेल, शेठना वाटलं.

थोड्या वेळाने त्याच्यासमोर एक लाल दिवा लागला.

"साहेब, वीज तयार होणं बंद झालंय," तो शांतपणे म्हणाला. "आता फक्त बॅटरी."

त्याने गळ्यातली टॉर्च दातांत धरली. आतला दिवा बंद केला, एसी बंद केला, बाहेरचे दिवेही मालवले. रेडिओवर मुंबईला इंग्रजीत दोन-चार वाक्यं सांगितली आणि तोही बंद करून टाकला. विमान वळायला लागलं.

"इंजिन बंद पडणार का रे?" शेठचा आवाज एकदम बारीक झाला.

"नाही. इंजिनाला ही वीज लागत नाही."

आवाज लगेच पुन्हा जाड झाला. "मग सरळ चल की. ती काय समोर मुंबई."

"मुंबईत उतरायला रांग आहे. रांगेत बॅटरी संपली तर आपण अंधारात, आणि मागे मोठं विमान. नाशिकला परत जाऊ."

शेठनी त्याची लायकी काढली, रिक्षा चालव म्हणून सांगितलं, त्याला शिकवणाऱ्यांचाही उद्धार केला. खाली मोबाईलची रेंज होती तेवढ्यात मॅनेजरला फोन लावून सभा लांबवायला सांगितलं. मॅनेजर रडकुंडीला आला होता. म्हातारी ऐकत नाही, नऊ म्हणजे नऊ म्हणते, असं तो म्हणाला आणि फोन तुटला. शेठचं नाव दिव्यांनी लिहिलेला मुलुंडचा टॉवर पंखाखालून मागे गेला.

नाशिकला विमान अगदी अलगद टेकलं. शेठना त्याचं काही नव्हतं. जीव वाचला याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. उद्यापासून तू घरी बसशील, एवढं मात्र बजावलं. मग गाडी मागवून ते कसाऱ्याच्या दिशेने निघाले. नऊपर्यंत पोचणं शक्य नाही हे त्यांनाही कळत होतं, पण ड्रायव्हरवर ओरडायला काही हरकत नव्हती.

गाडीचे दिवे दिसेनासे झाले. विमान हँगरकडे न्यायला आकाशने इंजिन पुन्हा सुरू केलं. मग डाव्या गुडघ्यापाशी हात नेऊन, मघाशी बाहेर ओढलेलं बोटाएवढं बटण आत दाबलं. लाल दिवा विझला.

हँगरपाशी पोचल्यावर त्याने फोन लावला. पलीकडे सभेचा गलका ऐकू येत होता.

"आई, आता कोणासाठी थांबू नका," तो म्हणाला. "हात वर करायला सांग."