पाणी पिणारं गवत

वुहानच्या आमच्या नव्या सोसायटीत पावसाचं पाणी रस्त्यावर न वाहता जमिनीतच मुरावं, म्हणून इंजिनिअर फानने इमारतीभोवती खोलगट वाफे आखून पाणी पिणारं खास गवत लावलं. मग दुसऱ्या साइटवर गेलेला तो परतला थेट तपासणीच्या सकाळी. बघतो तर गवत गायब, आणि सगळ्या वाफ्यांत डम्पलिंगच्या सारणात घालायची, लसणाच्या वासाची पात! शेजारी खुरपं घेऊन इथेच राहणारी त्याची आई.

"आई, अगं हे काय केलंस!"

"तुझ्या गवताला बैल तरी तोंड लावेल का? ही कापली की पुन्हा उगवते."

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. त्यांनी वाफ्यात बादलीभर पाणी ओतलं. ते मुरलं. मग वाकून त्यांनी एक पान खुडलं, हुंगलं. फानला घाम फुटला.

"गवत उत्तम आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले.

"मग पुढची तपासणी कधी, साहेब?" फानने विचारलं.



साहेब आईकडे वळले. "काकू, पुढची कापणी कधी?"