तिसरी रांग

शाहूपुरीतल्या गुळाच्या रिकाम्या गोदामात भैरवीनं जमीनभर रांगोळी पसरली होती. नट चालतील तशी उमटणारी पावलं, हेच तिचं नाटक. वर्षभर राबून बसवलेलं, प्रयोग उद्यावर आलेला. नट दोनच, अफसाना आणि तोहिद.

दुपारची तालीम संपली तेव्हा पावलांच्या रांगा तीन दिसल्या.

"तोहिद, कुठं भटकलास रे? सगळी माती केलीस!"

"ताई, नीट बघा की. सगळी डावीच पावलं हायत. मला उजवा पाय न्हाय व्हय?"

भैरवी खुर्चीतूनच वाकली. रांग दारातून आली होती आणि तिच्या खुर्चीमागं थांबली होती. परत गेली नव्हती.

"प्रयोग रद्द करूया," अफसाना पुटपुटली.

"घाबरटांनो, चालते व्हा! तुमचं काम ह्या तिसऱ्यालाच देते."

दोघं समोरच उभी होती. खुर्चीशेजारी आणखी एक डावं पाऊल उमटलं.