कडावचा शिपाई

पावसाळा सरला की नदीवरची इंजिनाची होडी काठावर चढायची. तिची बॅटरी मरू नये म्हणून होडीवाला पदू हिवाळाभर बॅटरीत पाणी भरायचा, डोक्यावरून नेरळला नेऊन चार्ज करून आणायचा.

त्रेचाळीस साली ती बॅटरी त्याने गुरुजींच्या रेडिओला जोडली. कडावातून दोघेच लढाईवर गेले होते, त्याचा नामा आणि शेजारच्या मोतीबाईचा हिरामण. दोघेही बेपत्ता होते.

त्या सांजेला रेडिओवर जिवंत सापडलेल्यांची नावं वाचायला लागले. "कडाव गावचा शिपाई..." एवढंच ऐकू आलं आणि बॅटरी संपली.

"उद्या पुन्हा वाचतील," गुरुजी म्हणाले. पदूने धडपडत बॅटरी उचलली.

मोतीबाईने त्याचा हात धरला.

"नका नेऊ, भावजी. आज आपली दोगंबी पोरं जिती हायत."