दहा वर्षांची बारोलो

गोकुळदासनं तांदळाच्या कणगीत हात घालून बाटली वर काढली, आणि सुमंगला चुलीपुढून उठलीच.

"फोडू नकात. फोडलात तर झील येवचो नाय."

झील म्हणजे त्यांचा एकुलता सगुण. इटलीत द्राक्षमळ्यात कामाला. शेवटचा आला तेव्हा त्यानंच ही तांबडी वाइन आणली होती. बापाला शेजारी बसवून सगळं समजावलं होतं. बार्बेराच्या द्राक्षांची वाइन फार ठेवायची नसते, रोजच्या जेवणाबरोबर संपवायची. ही बारोलो, नेब्बियोलोच्या द्राक्षांची. कोवळी असताना कच्च्या काजूबोंडासारखी घशाला धरते. दहा वर्षं निजवली की मऊ होते. तेव्हा दोघांनी मिळून फोडायची. बूच काढायचा स्क्रू तो येताना आणणार होता.

गोकुळदासनं पार्से गावात जन्मभर फेणी गाळलेली. दारूला धीर लागतो हे त्याला कोण शिकवणार? पण दहा वर्षं सरली, वर गणपतीच्या दोन चवथी गेल्या. फोनवर सगुणचं एकच पालुपद: मळ्याचं काम सुटलं, हात रिकामे, असा कसा येऊ? गेल्या चवथीपासून तर फोनही नाही. म्हाताऱ्याचा जीव तुटायचा. आठवण आली की तो कणगीत हात घालून बाटली चाचपायचा. सुमंगलाला वाटायचं, तांदूळ किती उरले ते बघतोय.

आज त्यानं उलथन्याच्या दांड्यानं बूच आत ढकललं आणि बाटली घेऊन चालू लागला. ह्यानं पोराची आशा सोडली, असं समजून सुमंगला रडत मागोमाग निघाली.

गावच्या व्हाळाकाठी, ओढ्यालगत, राखणदाराचा दगड. गावाची शीव राखायची, वाट चुकलेल्याला घरी पोचवायचं, हे त्याचं काम. म्हणून दर साल पहिल्या धारेची फेणी त्याची. एक करवंटीभर पुरते. गोकुळदासनं अख्खी बाटली ओतली. स्वतः जिभेलासुद्धा लावली नाही. मग हात जोडले.

"बा राखणदारा, तुझी शीव ह्या व्हाळार सरता, म्हायत आसा माका. पण ही तिकडची. चव घे, आनी ह्या वासार जा. पोराक घेवन ये."

सुमंगलानं डोळे पुसले, पदर सावरला आणि नवऱ्याच्या पुढे होऊन ती दगडाशी वाकली.

"रित्या हातानच ये, म्हणान सांग त्याका."