लग्नाची कॅसेट

"बाबा, हात लावू नका, तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही," असं दटावत थोरल्याने व्हीसीआर आणि जुना व्हिडिओ कॅमेरा एका स्विचबॉक्समधून कॉम्प्युटरवर चित्र उतरवणाऱ्या कॅप्चर कार्डाला जोडले. आईबाबांच्या लग्नाची कॅसेट लावून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पडद्याकडे ढुंकूनही न बघता स्वारी बायकोशी गप्पा ठोकत सोफ्यावर पसरली.

रविवारी सगळे नातेवाईक टीव्हीसमोर जमले. पण स्विचबॉक्सचं बटण राहिलं होतं कॅमेऱ्यावर आणि चालूच राहिलेला कॅमेरा रोखलेला होता सोफ्यावर. लग्नाऐवजी थोरलाच दिसला, बायकोला सांगताना, "एकदा ही कॅसेट दाखवून खूश केलं, की म्हाताऱ्याला वरच्या पत्र्याच्या खोलीत ढकलू."

बाबांनी चष्मा पुसला.



"चित्र झकास आलंय हो! खरंच, इतकी वर्षं मला ओ की ठो कळलं नव्हतं."