उशीवरचा खळगा

"आई, खरं सांग, रात्रपाळीत तुम्ही नर्स मस्त ताणून देता ना?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून लेकीने विचारून टाकलंच.

"पाठ टेकायला मिळाली तर शपथ!" आई हसली.

मग लेक रोज बॅगेत भरून देत असलेली छोटी उशी सकाळी डोक्याचा खळगा घेऊन कशी परत यायची? आई नक्की थापा मारतेय! त्या संध्याकाळी तिने उशी पिशवीत घालून पिशवीचं तोंड चक्क शिवून टाकलं आणि ती आईच्या बॅगेत ठेवली.

सकाळी टाके जसेच्या तसे होते. तिने ते उसवले. खळगा होताच, आणि कोमट होता. तिने त्यावर तळहात ठेवला, तसा तो, तिने न दाबताच, कुणी डोकं टेकवावं तसा हळूच आणखी खोल गेला.

"आई, मी आज शाळेत जाणार नाही," ती म्हणाली. "तू झोपशील तेव्हा मी शेजारी जागी बसणार."