रणपिसेसाहेबांची गोळी

"तोंडातल्या फोडांवर जेल द्या," निवृत्त उपायुक्त रणपिसेसाहेब माझ्या औषधाच्या दुकानात येऊन म्हणाले. "आमच्या बाकावरच्या डिंगऱ्यांना पाहिजे. तापही आहे त्यांना."

बागेतल्या त्या बाकावर रोज सकाळी शेंगदाण्यांसारख्या गोळ्या वाटल्या जातात, हे मला ठाऊक होतं. "त्यांना काय खायला घातलंत?"

"युरिक अ‍ॅसिडची माझी गोळी. पंधरा दिवसांत अंगठ्याची सूज उतरली. डॉक्टरला जमलं नसतं. सगळ्या बागेत सांगतोय मी."

डिंगऱ्यांना भावाची किडनी बसवलीय. ती टिकावी म्हणून ते रोज एक गोळी घेतात, माझ्याकडूनच नेतात. ती गोळी आणि साहेबांची ही रोज एकत्र पोटात गेल्या, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी बनणंच थांबू शकतं. मग तोंडात फोड येतात, साधा तापही जीव घेतो. हे साहेबांना सांगून मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्या. डॉक्टरांना दोन्ही गोळ्या सांगा."

साहेबांनी आधी मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं. "गोळी कुणी दिली, ते सांगायलाच हवं का?"

मी चिठ्ठीवर दोन्ही गोळ्यांची नावं लिहिली. खाली साहेबांचं लिहिलं, हुद्द्यासकट.